पान दिसले, उघडले, वाचले: संकेतस्थळाच्या आकड्यांचा अर्थ

स्वतःचे संकेतस्थळ उघडून त्यावर पाककृती, प्रवासवर्णने, स्थानिक इतिहास किंवा शेतीविषयक माहिती लिहू लागणाऱ्या व्यक्तीला थोड्याच दिवसांत एका तक्त्याशी परिचय करून घ्यावा लागतो. व्ह्यूज, यूजर्स, सेशन्स, इम्प्रेशन्स आणि क्लिक्स असे रकाने असलेला हा तक्ता आपले लेखन किती जणांनी वाचले याचे सरळ उत्तर देईल, अशी अपेक्षा स्वाभाविक असली, तरी त्यातील आकडे निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या पद्धतींनी घेतलेल्या नोंदींचे असतात, आणि त्यांपैकी एकही आकडा वाचकसंख्येच्या नेहमीच्या कल्पनेशी तंतोतंत जुळत नाही. पान शोधयंत्राच्या सूचीत दाखल होणे, शोधणाऱ्याच्या पडद्यावर त्याचे शीर्षक येणे, ते शीर्षक निवडले जाणे आणि उघडलेले पान वाचले जाणे या चार स्वतंत्र घटना आहेत. प्रत्येक आकडा त्यांपैकी एखाद्याच घटनेविषयी काही सांगतो, आणि म्हणून एकूण संख्या किती मोठी आहे यापेक्षा या चारांपैकी कोणत्या टप्प्यावर वाचक गळतात हे ओळखणे नवोदितासाठी अधिक उपयोगाचे ठरते.

सूचीत नाव लागण्यापूर्वी

गूगल किंवा बिंग यांसारख्या शोधयंत्राला प्रश्न विचारला की ते त्या क्षणी जगभरातील संकेतस्थळे धुंडाळू लागते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः शोध घेतला जातो तो आधीच तयार करून ठेवलेल्या सूचीत, जिला इंडेक्स म्हणतात. या सूचीसाठी सामग्री गोळा करण्याचे काम क्रॉलर नावाचा प्रोग्रॅम करतो. तो माहीत असलेल्या पानांवर जातो, त्यांवरील दुवे टिपतो, त्या दुव्यांवरून नव्या पानांपर्यंत पोहोचतो आणि हे चक्र अखंड चालू ठेवतो. त्यामुळे ज्या पानाकडे नेणारा दुवा कोठेच नाही, ते पान कितीही चांगले असले तरी क्रॉलरला त्याचा पत्ता लागणे अवघड असते. ही उणीव भरून काढण्यासाठी संकेतस्थळावरील पानांच्या पत्त्यांची यादी, म्हणजेच साइटमॅप, शोधयंत्राला देण्याची सोय गूगलने २००५ मध्ये सुरू केली, पुढच्याच वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही तीच पद्धत मान्य केली, आणि आज अशा एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते देता येतात.

क्रॉलरला वाट दाखवता येते तशी ती अडवताही येते. मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवलेली आणि २०२२ मध्ये इंटरनेटच्या औपचारिक मानकांत समाविष्ट झालेली 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही छोटी फाइल क्रॉलरने कोणत्या भागात जाऊ नये हे सांगते. मात्र ती भेटीला मनाई करते, सूचीतील नोंदीला नव्हे. इतर संकेतस्थळांवरील दुव्यांमुळे पत्ता कळला, तर मनाई केलेले पानही वर्णनाविना निकालांत दिसू शकते. पान सूचीबाहेरच ठेवायचे असेल तर त्या पानासोबत 'नोइंडेक्स' ही सूचना द्यावी लागते, आणि ती सूचना वाचता यावी म्हणून क्रॉलरला आत येऊ द्यावे लागते. संकेतस्थळाची बांधणी चालू असताना घातलेली अशी बंदी प्रकाशनानंतर उठवायची राहून जाणे, हे पान कोणालाच न सापडण्यामागचे अगदी साधे आणि वारंवार आढळणारे कारण आहे.

गोळा केलेली पाने जशीच्या तशी साठवून भागत नाही, कारण प्रत्येक प्रश्नासाठी सर्व मजकूर आरंभापासून चाळणे अशक्य असते. म्हणून शब्दावरून पानांकडे नेणारी उलट सूची तयार केली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनंतर प. ल. वैद्य यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या प्रतीक-सूचीत श्लोकाचा चरण अकारविल्हे शोधला की तो कोणत्या पर्वात, कोणत्या अध्यायात आला आहे हे कळते. शोधयंत्राची सूचीही याच तत्त्वावर उभी असते, फरक इतकाच की तिच्यात एकेका शब्दासमोर तो ज्या ज्या पानांवर आला त्यांची नोंद असते आणि ती सतत बदलत राहते. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये आपल्या प्रायोगिक शोधयंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या सूचीत सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. क्रॉलरने पाहिलेले प्रत्येक पान सूचीत घेतले जातेच असे मात्र नाही. एकच मजकूर दोन-तीन पत्त्यांवर असेल तर शोधयंत्र त्यांतील एक पत्ता प्रमुख मानून बाकीचे बाजूला ठेवते, आणि फारशी भर न घालणारे पान पाहूनही वगळले जाऊ शकते. वाचक येत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी पान सूचीत आहे की नाही, ही गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य साधनावर करता येणारी पहिली तपासणी होय.

क्रम कशावरून ठरतो

सूचीत एकाच शब्दासमोर लाखो पाने असताना कोणते आधी दाखवावे, या प्रश्नाचा अभ्यास इंटरनेटच्या जन्मापूर्वीच ग्रंथालयीन माहितीच्या संदर्भात सुरू झाला होता. ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो तो दस्तऐवजाची ओळख पटवण्यास अधिक उपयोगी असतो. 'आणि' किंवा 'आहे' हे शब्द जवळजवळ प्रत्येक मराठी पानावर असल्याने त्यांना नगण्य वजन मिळते, तर 'वीरगळ' हा शब्द आलेले पान नेमक्या विषयाकडे बोट दाखवते. केवळ शब्दांवर विसंबण्यातील धोका मात्र लवकरच उघड झाला, कारण हवा तो शब्द पानावर शेकडो वेळा लिहून, प्रसंगी पार्श्वभूमीच्याच रंगात लपवून, वरचे स्थान मिळवण्याचे प्रकार नव्वदच्या दशकात बोकाळले.

पेज आणि ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केलेल्या पेजरँक या पद्धतीने लेखकाच्या स्वतःच्या दाव्याऐवजी इतरांच्या साक्षीला महत्त्व दिले. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत आला हे मोजून त्याचे स्थान अजमावण्याची प्रथा यूजीन गारफील्ड यांच्या उल्लेख-सूचीमुळे विज्ञानजगतात साठच्या दशकापासून रूढ झाली होती. पेजरँकने दुव्याला तशाच उल्लेखाचा दर्जा दिला आणि त्यात एक महत्त्वाची भर घातली, ती अशी की ज्या पानाकडेच अनेक दुवे येतात त्याने दिलेल्या दुव्याचे वजन जास्त धरावे. गणितासाठी एका काल्पनिक भटक्या वाचकाची योजना करण्यात आली, जो सुमारे ८५ टक्के वेळा समोरच्या पानावरील एखाद्या दुव्यावरून पुढे जातो आणि उरलेल्या १५ टक्के वेळा कंटाळून कोणत्याही दुसऱ्याच पानावर उडी घेतो. असा वाचक ज्या पानावर वारंवार येऊन पोहोचेल ते पान अधिक महत्त्वाचे.

दुव्यांना मोल येताच दुव्यांचा बाजारही उभा राहिला. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात नोंदवलेले निरीक्षण, की नियंत्रणासाठी वापरू लागताच एखाद्या मोजमापाची विश्वसनीयता ढासळते, येथे पुरेपूर लागू पडले. प्रायोजित किंवा अनाहूत दुव्यांना वजन मिळू नये म्हणून 'नोफॉलो' ही खूण २००५ मध्ये आली, पोकळ मजकुराला मागे सारणारा पांडा हा बदल २०११ मध्ये आणि बनावट दुव्यांना लक्ष्य करणारा पेंग्विन हा बदल २०१२ मध्ये गूगलने अमलात आणला. बर्ट हे भाषेचा संदर्भ ओळखणारे प्रारूप २०१९ च्या अखेरीस मराठीसह ७० हून अधिक भाषांतील शोधासाठी वापरात आले, त्यामुळे प्रश्नातील शब्द सुटे न पाहता त्यांचा परस्परसंबंध लक्षात घेणे शक्य झाले. आज क्रम ठरवताना असे अनेक निकष एकत्र येतात आणि शिवाय शोधणाऱ्याचे ठिकाण, भाषा व उपकरण यांनुसार निकाल बदलतात. त्यामुळे स्वतःच्या मोबाइलवर स्वतःचे पान पहिले दिसले, यावरून ते सर्वांना तसेच दिसत असेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

मराठी मजकुराच्या विशेष अडचणी

मराठीत लिहिणाऱ्यासमोर आणखी एक पायरी असते, ती म्हणजे डोळ्यांना दिसणारी देवनागरी यंत्रालाही देवनागरी म्हणूनच कळते आहे याची खात्री करून घेणे. जगातील लिप्यांतील प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून असला, तरी त्यानंतर बराच काळ मराठी छपाई आणि संकेतस्थळे अशा फाँटांवर चालली, ज्यांत रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरी आकृती बसवलेली असे. तो फाँट संगणकावर असला की वाचकाला मजकूर सुबक दिसे, पण क्रॉलरच्या वाट्याला रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी येई. परिणामी त्या काळातील कितीतरी मराठी मजकूर उपलब्ध असूनही शोधता येण्याजोगा नव्हता. जुने लेख त्याच स्वरूपात आजही चढवले जातात, किंवा मजकुराऐवजी पानाचे छायाचित्र टाकले जाते, तेव्हा हीच स्थिती कमीअधिक प्रमाणात पुन्हा निर्माण होते. म्हणून जुन्या फाँटातील लेखन प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हा मराठी लेखकासाठी दृश्यतेचा सर्वांत मूलभूत उपाय ठरतो.

युनिकोडमध्येही काही बारकावे उरतातच. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा 'र' दोन वेगवेगळ्या क्रमांकजुळण्यांनी लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मात्र अक्षरशः तुलना करणाऱ्या यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. 'पुणे' हे नाव 'पुण्यात', 'पुण्याला', 'पुण्याहून' अशी रूपे घेते, आणि सामान्यरूपामुळे मूळ शब्दच बदलत असल्याने केवळ प्रत्यय छाटून ही रूपे एकत्र आणता येत नाहीत. म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात विषयाचे नाव एकदा तरी मूळ रूपात येणे हिताचे असते. पानाच्या पत्त्यात देवनागरी वापरता येते, परंतु तो पत्ता दुसरीकडे चिकटवताना एकेका देवनागरी चिन्हाची टक्केचिन्हांसह नऊ रोमन चिन्हे होऊ शकतात आणि लहानसे शीर्षकही ओळभर लांबीचे दिसू लागते. शिवाय शोधणाऱ्यांपैकी बरेच जण मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात, आणि ते नेमके कोणत्या वर्णांत टंकतात याचे उत्तर कल्पनेने न शोधता सर्च कन्सोलमधील प्रश्नांच्या यादीतून घेता येते.

मोजणी कोठे होते

संकेतस्थळाच्या वाहतुकीची नोंद मुख्यतः तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवलेले असते त्याची नोंदवही, जिला लॉग म्हणतात. तिच्यात मागवलेल्या प्रत्येक फाइलची स्वतंत्र ओळ असते, आणि अशा एका मागणीला हिट असे नाव आहे. वीस छायाचित्रे असलेले एक पान एका व्यक्तीने एकदा उघडले तरी किमान एकवीस हिट्स नोंदले जातात, त्यांत क्रॉलरांच्या आणि इतर स्वयंचलित प्रोग्रॅमांच्या भेटींचीही भर पडते, म्हणून हिट्सची संख्या वाचकसंख्या म्हणून सांगणे केव्हाही दिशाभूल करणारे असते.

दुसरी मोजणी वाचकाच्या ब्राउझरमध्ये होते. गूगल अ‍ॅनालिटिक्ससारखे साधन पानात एक छोटा प्रोग्रॅम बसवते, जो पान उघडताच आपल्या केंद्राला वर्दी देतो आणि ब्राउझरमध्ये कुकी नावाची ओळखचिठ्ठी ठेवतो. लू मोंटुली यांनी नेटस्केप कंपनीत १९९४ मध्ये कुकीची कल्पना प्रत्यक्षात आणली. यूजर म्हणजे सामान्यतः अशी एक चिठ्ठी, त्यामुळे सकाळी मोबाइलवर आणि दुपारी कार्यालयातील संगणकावर तेच पान उघडणारी व्यक्ती दोनदा मोजली जाऊ शकते, एकच मोबाइल वापरणारे घरातील तिघे एक ठरतात, आणि ज्याने असे प्रोग्रॅम रोखणारे साधन वापरले आहे तो मोजलाच जात नाही. सेशन म्हणजे एका बैठकीतील भेट. ३० मिनिटे काहीच हालचाल झाली नाही तर ती संपली असे धरले जाते. १० सेकंदांहून अधिक टिकलेली, दोन किंवा अधिक पाने पाहिली गेलेली अथवा ठरवून दिलेली एखादी महत्त्वाची कृती घडलेली भेट गुंतलेली मानली जाते, म्हणजे दीर्घ लेखाच्या बाबतीत हा निकष फारच सैल ठरतो. गूगलने १ जुलै २०२३ पासून या साधनाची जुनी आवृत्ती थांबवून निराळ्या तत्त्वावर मोजणारी नवी आवृत्ती लागू केली असल्याने त्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट काढणे सयुक्तिक नाही.

तिसरी मोजणी शोधयंत्राच्या स्वतःच्या बाजूला होते आणि ती सर्च कन्सोलमध्ये दिसते. निकालांच्या पानावर दुवा आला की एक इम्प्रेशन नोंदले जाते, मग शोधणाऱ्याने तेथपर्यंत पडदा सरकवला असो वा नसो. दुवा दाबला गेला की क्लिक, क्लिक भागिले इम्प्रेशन म्हणजे क्लिकदर, आणि पान जेव्हा जेव्हा दिसले तेव्हाच्या क्रमांकांची सरासरी म्हणजे सरासरी स्थान. फारच थोड्यांनी विचारलेले प्रश्न गोपनीयतेसाठी यादीतून वगळले जात असल्याने प्रश्नवार क्लिक्सची बेरीज एकूण क्लिक्सपेक्षा कमी भरते, आणि कन्सोलमधील क्लिक्स अ‍ॅनालिटिक्समधील सेशन्सशी जुळत नाहीत, यात बिघाड काही नसून मोजण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

वाचक कोठून आला हे सांगणाऱ्या रकान्यांपैकी 'डायरेक्ट' हा सर्वांत फसवा आहे. पत्ता स्वतः टंकून आलेले वाचक त्यात असतात, तसेच ज्यांच्या येण्याचा मार्ग कळला नाही असे सर्वच त्यात जमा होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरील कौटुंबिक किंवा शालेय मित्रांच्या समूहात फिरलेल्या दुव्यावरून आलेला वाचक बहुधा याच रकान्यात पडतो. अशा अदृश्य वाटपाला अमेरिकी पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ मध्ये डार्क सोशल असे नाव दिले. दुवा पाठवतानाच त्याच्या शेवटी यूटीएम नावाची खूण जोडली तर किमान त्या दुव्यावरून आलेले वाचक वेगळे मोजता येतात.

आकड्यांवरून निदान

या संज्ञा एकत्र वाचल्या तरच त्यांतून काही निष्पन्न होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, उकडीच्या मोदकांच्या कृतीचे एक पान महिन्यात १,००० वेळा सरासरी आठव्या स्थानी दिसले आणि त्यावर ३० क्लिक्स आले, म्हणजे क्लिकदर ३ टक्के झाला. पुढच्या महिन्यात तेच पान काही नव्या प्रश्नांसाठीही, पण चाळिसाव्या स्थानी, आणखी १,००० वेळा दिसू लागले आणि क्लिक्स ३० च राहिले, तर सरासरी स्थान २४ वर घसरते आणि क्लिकदर १.५ टक्क्यावर येतो. तक्त्यातील दोन्ही आकडे अवनती दाखवतात, वस्तुतः जुने स्थान अबाधित राहून नव्या प्रश्नांच्या कडेला पानाने पाऊल टाकलेले असते. म्हणून सरासरीवर न थांबता प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. इम्प्रेशन्सच नसतील तर अडचण सूचीत किंवा विषयाच्या निवडीत आहे. इम्प्रेशन्स भरपूर पण स्थान खालचे असेल तर मजकूर इतरांच्या तुलनेत अपुरा आहे किंवा त्याकडे येणारे दुवे थोडे आहेत. स्थान वरचे असूनही क्लिक्स नसतील तर शीर्षक आणि वर्णन प्रश्नाला उत्तर देत असल्याचे दिसत नाही. आणि क्लिक्स येऊनही वाचक लगेच परतत असतील तर शीर्षकाने दिलेले आश्वासन पान पाळत नाही, असे तर्क क्रमाने करता येतात.

तुलनेचा कालावधी निवडतानाही सावधगिरी हवी. गेल्या आठवड्यात ८ आणि या आठवड्यात १२ क्लिक्स, ही म्हणायला ५० टक्के वाढ असली तरी एवढ्या लहान संख्यांत असा चढउतार निव्वळ योगायोगाने होत असतो. ऋतुमानाचा प्रभाव वगळण्यासाठी गतवर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करण्याचा सल्ला दिला जातो आणि सर्च कन्सोल १६ महिन्यांची माहिती ठेवत असल्याने ती शक्यही होते. परंतु मराठी वाचकांचा शोध पुष्कळदा पंचांगाच्या तालावर चालतो. गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, त्यामुळे मोदकांच्या पानाचा २०२५ चा ऑगस्ट २०२४ च्या ऑगस्टशी ताडून पाहिल्यास वाढ दिसेल आणि सप्टेंबर ताडून पाहिल्यास घट, तर दोन्हींचा अर्थ एकच असेल की सण पुढेमागे झाला. अशा विषयांत भाद्रपदाची तुलना भाद्रपदाशीच करणे योग्य.

अलीकडे या सर्व मोजणीच्या मुळाशीच एक बदल घडतो आहे. गूगलने २०२४ मध्ये, प्रथम अमेरिकेत आणि नंतर भारतासह इतर देशांत, निकालांच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले सारांशरूप उत्तर दाखवण्यास सुरुवात केली. त्यात आधारभूत पानांचे दुवे असतात आणि ते दिसल्याची नोंद इम्प्रेशन म्हणून होते, पण उत्तर तेथेच मिळाले तर पान उघडण्याची गरज उरत नाही. दिसणे आणि निवडले जाणे यांतील अंतर त्यामुळे वाढू शकते. जाहिरातींवर चालणाऱ्या शोधयंत्राचा कल वाचकाच्या गरजेपेक्षा जाहिरातदाराकडे झुकण्याचा धोका असतो, असे पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ च्या निबंधात नमूद केले होते, आणि आज दृश्यता ठरवणारी व ती मोजून दाखवणारी संस्था बहुतेकांसाठी एकच आहे. अशा स्थितीत आपल्या सर्व्हरचा लॉग किंवा माटोमोसारखे स्वतःच्या ताब्यातील मुक्त साधन अधूनमधून पडताळून पाहणे, आणि डायरेक्ट या रकान्यातील वाचकांना उरलेसुरले न मानणे शहाणपणाचे ठरते. शोधयंत्राच्या क्रमवारीत काहीही बदल झाले तरी पत्ता लक्षात ठेवून किंवा परिचितांकडून दुवा मिळवून येणारा वाचक तेथेच नोंदला जातो, आणि संकेतस्थळाचे स्थैर्य त्याच्यावरच अधिक अवलंबून असते.